टेकचंद साहेबांचा समुद्रकिनारा

भंडाऱ्यातल्या बागेत रोज सकाळी साडेपाचला जमणाऱ्या 'उषःकाल चालन मंडळा'त एकंदर अकरा सभासद होते, आणि त्यांच्यात न थकता चालणारी गोष्ट एकच होती: अध्यक्षांचं तोंड.

शकुंतलाबाई या मंडळात आल्या त्या डॉक्टरच्या सांगण्यावरून. एकोणतीस वर्षं अंगणवाडीत लेकरांच्या मागं उठबस करून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, चारचौघांच्या सोबतीनं चाला, कंटाळा येणार नाही. डॉक्टरांनी हे मंडळ पाहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी बागेची दीड फेरी झाली, मग अध्यक्ष टेकचंद साहेब सिमेंटच्या बाकड्यावर बसले, बाकीचे त्यांच्याभोवती उभे राहिले, आणि 'चालण्याचे एकवीस फायदे' या विषयावर पन्नास मिनिटं उभ्यानं ऐकून सगळे घरी गेले. शकुंतलाबाईंचे गुडघे त्या दिवशी जरा जास्तच दुखले.

टेकचंद साहेब एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ते कार्यालयातून निघाले, पण कार्यालय काही त्यांच्यातून निघालं नव्हतं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा साधा निरोपसुद्धा 'विषय' आणि 'संदर्भ' घेऊन यायचा. सर्दी झाली म्हणून कोणी दोन दिवस आलं नाही तर रजेचा अर्ज मागायचे. सचिव म्हणून त्यांनी चंद्रकुमारभाऊंना नेमलं होतं. चंद्रकुमारभाऊ एस.टी.त कंडक्टर होते. आवाज मोठा आणि स्वतःचं मत काही नाही, असा सचिव साहेबांना शोधूनही मिळाला नसता.

जानेवारीच्या शेवटी ग्रुपवर निरोप आला: 'विषय : निवांत सागरकिनारा पदभ्रमण सहल.'

शकुंतलाबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माहेरच्या एकोडीचा भादव्यातला भरलेला तलाव, आणि एकदा कारधाच्या पुलावरून पाहिलेला वैनगंगेचा पूर. निरोप वाचून त्यांनी पुण्याच्या लेकीला, अंजूला, फोन केला. सुनेला, रुपाला, सांगितलं. रुपानं आपल्या नव्या कोऱ्या चपला काढून दिल्या, वाळूत बऱ्या पडतील म्हणून. नवरा धनीराम तेवढा खाटेवरून म्हणाला, "चालाले एवढ्या दूर कायले जाऊन राहिली? आपलं आंगण काय वाईट आहे?"

"आंगणात लाटा येतात का?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाकड्यासमोर सभा भरली आणि साहेबांनी समुद्राचा खुलासा केला.

"समुद्र म्हणजे शेवटी काय?" त्यांनी विचारलं. कोणी उत्तर देणार नाही याची त्यांना खात्री होती. "पाणी. नजर पुरणार नाही एवढं पाणी. आणि असं पाणी आपल्या जिल्ह्यात, इथून अठरा किलोमीटरवर आहे. धरणाचं बॅकवॉटर! लोकं पैसे खर्चून गोव्याले जातात. मी स्वतः गोव्याले जाऊन आलो आहो. मी सांगतो, काही फरक नाही."

साहेब वीस वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी दोन दिवस गोव्याला गेले होते. त्या दोन दिवसांवर त्यांनी आजवर निदान दोन महिने भाषण केलं होतं.

आनंदाबाई म्हणजे शकुंतलाबाईंची शेजारीण आणि मंडळातली एकमेव मैत्रीण. ती मागून म्हणाली, "पण साहेब, त्या पाण्याचा पलीकडचा काठ तं दिसते ना."

"चष्मा काढला का नाही दिसत," साहेब म्हणाले, आणि विषय मंजूर झाला.

शकुंतलाबाईंनी घरी येऊन चपला रुपाला परत केल्या. रुपानं कारण विचारलं नाही. तिला सासूचा चेहरा वाचता येत होता.

निवांत सहलीचं वेळापत्रक दोन पानी निघालं. आठ पंचेचाळीसला आगमन. नऊ ते नऊ वीस अध्यक्षीय मनोगत. नऊ वीस ते नऊ पस्तीस मोकळेपणाने हसणे. साडेबारा ते एक निसर्गाशी संवाद, शांततेत. प्रत्येकासाठी निळा टी-शर्ट होता, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सागरकिनारा पदभ्रमण' लिहिलं होतं आणि सगळे टी-शर्ट साहेबांच्या मापाचे होते. बायकांनी ते साडीवरून चढवले. आनंदाबाई त्यात अशी दिसत होती, जशी कोणी दुचाकीवर ताडपत्री टाकून ठेवावी.

शिवाय आठ बाय चार फुटांचा फ्लेक्स. त्यावर छापलेली नारळाची झाडं, छापलेल्या लाटा, आणि लाटांमधून वर आलेले कमरेपर्यंतचे टेकचंद साहेब, हात जोडून. खाली एका ओळीत बाकीचे दहा जण, पासपोर्टाच्या आकारात. शकुंतलाबाईंच्या अर्ध्या तोंडावर छापखान्याचा फोन नंबर आला होता.

फेब्रुवारीतल्या रविवारी मिनीबस काठाला लागली. पाणी खरंच मोठं होतं. पण हिवाळाभरात ते थोडं मागं सरलं होतं, आणि गवताचा काठ अन् पाणी यांच्या मधे राखी रंगाचा एक लांबरुंद पट्टा उघडा पडला होता. वरून वाळलेला, भेगाळलेला, पापुद्रे धरलेला. काठावर एक झोपडी होती, झोपडीपुढं उलटा घातलेला डोंगा, म्हणजे मासेमारीची लहान नाव, आणि डोंग्याच्या सावलीत एक बाई जाळं शिवत बसली होती.

चंद्रकुमारभाऊंनी दोन बाभळींच्या मधे फ्लेक्स बांधला. साहेबांनी शिट्टी फुंकली.

"निवांत व्हा!" ते ओरडले. "रांगेत!"

मनोगत झालं. हसणंही झालं; साहेबांनी 'सुरू' म्हटल्यावर अकरा जण पंधरा मिनिटं हा-हा करत राहिले आणि जाळं शिवणारी बाई हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. मग साहेबांनी घड्याळ पाहून सांगितलं की सध्या ओहोटी चालू आहे, दहाला भरती येईल.

"धरणात?" आनंदाबाईनं विचारलं.

"पाणी म्हटलं का भरती आलीच."

सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. दहा वाजले, सव्वादहा वाजले. एक म्हैस आली, पाण्यात उतरून बसली. तिच्यामुळं पाणी जेवढं वर चढलं असेल तेवढीच काय ती भरती. साहेबांनी वहीत 'भरती : निरीक्षण पूर्ण' असं लिहिलं आणि पुढचा कार्यक्रम पुकारला: बीच वॉक. म्हणजे त्या राखी पट्ट्यावरून थेट पाण्यापर्यंत चालत जाणं.

तेव्हा ती जाळंवाली बाई उठून आली. पन्नाशीची, सडपातळ, पदर खोचलेला. नाव कुंताबाई. तिनं टेकचंद साहेबांना नमस्कार केला, कारण शिट्टी त्यांच्याच गळ्यात होती.

"साहेब, तिकडून नोका जाऊ. वरतं वाळलं दिसते, खाली गारा आहे, नुसता चिखल. मागच्या सालात गाय फसली होती."

"बाई," साहेब प्रेमानं म्हणाले, "आम्ही चालणारी माणसं आहो. रोजचा सराव आहे आमचा."

शकुंतलाबाई पट्ट्याकडे बघत होत्या. त्यांचं बालपण एकोडीच्या तलावाखालच्या धानाच्या बांध्यांमधे गेलं होतं. रोवणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात दिवसदिवस वाकून रोपं लावलेली. कोणता चिखल पाय देतो आणि कोणता पाय घेतो, हे त्यांना रंगावरून कळत होतं. हा घेणारा होता.

"साहेब, बाई बरोबर सांगून राहिली," त्या म्हणाल्या. "काठानं जाऊ ना. काठ चांगला आहे."

"शकुंतलाबाई, भित्रेपणा हा गुडघ्यांचा नाही, मनाचा आजार आहे," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की ते त्यांनी चंद्रकुमारभाऊंना लिहून घ्यायला सांगितलं. मग एकटेच पट्ट्यावर उतरले. पाच पावलं ठणठणीत गेली. सहाव्या पावलाला त्यांनी वळून विजयानं हात वर केला. सातव्याला पापुद्रा फुटला आणि ते गुडघ्यापर्यंत खाली गेले.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले आणि दुसरा पाय काढायला जोर लावला. जोर लावताच मांड्यांपर्यंत गेले.

काठावर मंडळाची तातडीची सभा सुरू झाली. एकानं सुचवलं, दोर आणावा. दुसऱ्यानं विचारलं, दोर कोणत्या खर्चातून. तिसरा म्हणाला, अध्यक्षच अडकले आहेत तर परवानगी कोणाची घ्यायची. चंद्रकुमारभाऊ एस.टी.तल्या सवयीनं मोठ्यानं ओरडले, "मागं सरका, मागं सरका!" साहेबांना मागं सरकता येत नव्हतं, पण काठावरचे सगळे सरकले. दोघांनी मोबाईल काढून फोटो घेतले. तेवढ्यात साहेब कमरेपर्यंत गेले. फ्लेक्सवर लाटांमधून जेवढे वर दिसत होते, बरोबर तेवढेच आता गाळातून वर उरले होते.

शकुंतलाबाईंना हसू फुटणार होतं. गळ्यापर्यंत आलं होतं. पण साहेबांनी शिट्टी फुंकायला तोंडात धरली आणि तिच्यातून आवाजच आला नाही, नुसता चिखल फुरफुरला. त्यांचे डोळे शकुंतलाबाईंना दिसले. माणूस घाबरला होता.

"हलू नका!" शकुंतलाबाई ओरडल्या. अंगणवाडीतला जुना आवाज होता तो, चाळीस लेकरांना एका दमात गप्प करणारा. "पाय ओढू नका. मागं टेका, खाटेवर पडल्यासारखे आडवे व्हा. चंद्रकुमारभाऊ, तो फ्लेक्स सोडा!"

"फ्लेक्स? पण कार्यक्रम अजून संपला नाही जी."

"साहेब संपून राहिले ना!"

आनंदाबाईनं दातांनी सुतळ्या तोडल्या. कुंताबाई तोवर डोंगा ढकलायचा लांब बांबू घेऊन धावत आली होती. दोघींनी फ्लेक्स गाळावर पसरला, चित्र वरच्या बाजूला. शकुंतलाबाईंनी टी-शर्ट कमरेला खोचला आणि पोटावर झोपून, आपल्या अर्ध्या चेहऱ्यावरून, छापखान्याच्या नंबरावरून, सरपटत पुढं गेल्या. गुडघे ओरडत होते. त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

साहेबांचा हात त्यांच्या हातात आला तेव्हा तो बर्फासारखा होता.

"सोडू नका जी," साहेब म्हणाले. विषय नाही, संदर्भ नाही. "शकुंतलाबाई, सोडू नका मले."

"नाही सोडत. आता उजवा पाय हळूहळू हलवा, मागंपुढं. पाणी शिरू द्या खाली. हिसका नोका देऊ."

मागून कुंताबाई बांबू सरकवत होती, तो धरायला सांगत होती, आणि तिच्या मागं चंद्रकुमारभाऊ तिचे पाय धरून बसले होते. कोणी सांगितलं नव्हतं, ते स्वतःच्या मतानं बसले होते. वीस मिनिटं लागली. एक पाय सुटला, मग दुसरा. दुसरा सुटताना बूट आणि ट्रॅकपँट गाळानं ठेवून घेतली. साहेब लांबलचक चड्डीत, स्वतःच्या जोडलेल्या हातांवरून, हसऱ्या तोंडावरून, नारळाच्या झाडांवरून कोपरांनी सरपटत काठाला आले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. शकुंतलाबाईंनी वळून पाहिल्यावर त्या थांबल्या.

कुंताबाईनं झोपडीतून एक निळ्या चौकडीचं कापड आणून दिलं. "हे गुंडाळा," ती म्हणाली. साहेबांनी ते लुंगीसारखं गुंडाळलं आणि झोपडीपुढच्या खाटेवर बसले. कुंताबाईचा नवरा डोमा मासोळी विकून परतला होता. त्यानं इतके निळे लोक बघून आधी सायकल लांबच उभी केली. मग सगळं कळल्यावर चूल पेटवली. मंडळानं आणलेले पोहे होते, कुंताबाईचा भात आणि मासोळीचा रस्सा होता. बसायला डोंग्याची सावली होती.

साडेबारा वाजले. चंद्रकुमारभाऊंनी वेळापत्रक काढलं. "साहेब, निसर्गाशी संवाद आहे. करायचा का?"

साहेबांनी नुसता हात हलवला.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा चंद्रकुमारभाऊ स्वतःहून बोलले. तुमसरच्या गाडीत एका नवरदेवाकडून वरातीसकट तिकीट कसं काढून घेतलं, ते त्यांनी सांगितलं. सांगता सांगता उठून अभिनयही करून दाखवला. लोक पोट धरून हसले आणि घड्याळ कोणी पाहिलं नाही. दोघं जण काठावर झोपले. आनंदाबाईनं टी-शर्ट काढून त्याची उशी केली. सहल निवांत झाली ती तेव्हा, अध्यक्ष बंद पडल्यावर.

साहेब शकुंतलाबाईंच्या बाजूला येऊन बसले. रश्श्याची वाटी बाजूला ठेवली.

"घरी मी बोलाले लागलो का सूनबाई मिक्सर लावते," ते हळूच म्हणाले. "बरं, त्यात काही नसते. नुसतंच लावते."

शकुंतलाबाईंनी वाटी परत त्यांच्यापुढं सरकवली.

"सकाळचा तो एक तास असतो, त्यात मले कोणी थांब म्हणत नाही."

"आमाले वाटे, थांबा म्हटलं तं तुमी आमची पेन्शन थांबवान," शकुंतलाबाई म्हणाल्या. साहेब हसले. मग म्हणाले, "मी हे विसरणार नाही, बाई. तुमचे उपकार." आणि त्या वेळेपुरतं ते खरंही होतं.

बुधवारी रुपानं स्थानिक पेपर आणून सासूपुढं ठेवला. शेवटच्या पानावर बातमी होती: 'उषःकाल मंडळाची साहसी सहल यशस्वी. अध्यक्ष टेकचंद यांनी जिवाची पर्वा न करता गाळाची प्रत्यक्ष पाहणी केली. त्यांनी सुरक्षित बाहेर येण्याचे प्रात्यक्षिकही करून दाखवले. महिला सभासदांनी पिशव्या सांभाळल्या.'

"आई, तुमी पिशव्या सांभाळल्या म्हणे," रुपा म्हणाली.

खाटेवरून धनीरामनं विचारलं, "किती होत्या?"

शकुंतलाबाईंनी फोन लावला. पहिल्याच घंटेला साहेबांनी उचलला. मागं मिक्सर चालू होता.

"बातमी वाचली," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"पेपरवाल्यानं तसं छापलं जी."

"मजकूर कोणी दिला?"

मिक्सर थांबला. "मी," साहेब म्हणाले. "लिहाले बसलो तं खरं काही लिहिताच येईना, बाई. सवयच नाही."

शकुंतलाबाईंच्या शिव्या तयार होत्या, पण माणसानं स्वतःच एवढं कबूल केल्यावर त्या कुठं ठेवायच्या?

"लुंगी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. धुवाची आहे."

"आपल्या हातानं धुवा. रविवारी परत द्याले जायचं. फ्लेक्स नाही, शिट्टी नाही, मिनीबस नाही."

"पत्र काढू का तसं?"

"साहेब."

"बरं, बरं."

रविवारी चौघंच निघाले: दोघी बाया, चंद्रकुमारभाऊ आणि हातात कागदी पिशवी धरलेले टेकचंद साहेब. एस.टी.नं फाट्यावर उतरले. तिथून काठ तीन किलोमीटर. पहिला किलोमीटर साहेब चालण्याच्या शास्त्रावर बोलले. दुसऱ्यात त्यांना दम लागला, कारण एवढं अंतर ते मंडळ स्थापन झाल्यापासून प्रथमच चालत होते. तिसरा किलोमीटर नुसता चालण्यातच गेला. वाटेत करडईच्या पिकात दोन बाया वाकून काम करत होत्या, बगळे उडत होते, आणि शकुंतलाबाईंचे गुडघे, कोण जाणे कसे, गप्प होते.

कुंताबाई डोंग्याला डांबर लावत होती. साहेबांनी पुढं होऊन पिशवी दिली. आत निळ्या चौकडीची लुंगी होती. धुतलेली, नीळ दिलेली, इस्त्री केलेली, चारही कोपरे जुळवून घडी घातलेली.

"माझ्या हातानं धुतली," साहेब म्हणाले. "तुमच्या घरचं वस्त्र. मी ते मानानं नेसलो."

कुंताबाईनं घडी उलटीपालटी करून पाहिली. डोमाकडे पाहिलं. मग फार जपून, पाहुण्याचं मन दुखू नये अशा आवाजात म्हणाली, "लुंगी नव्हती जी ते. डोंगा पुसाचं फडकं होतं. त्या दिवशी हाताशी तेच सापडलं."

आनंदाबाई तिथंच खाली बसली. चंद्रकुमारभाऊंनी तोंड फिरवून पाण्याकडे केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी तोंड उघडलं. सगळ्यांनी वाट पाहिली. तोंड तसंच मिटलं, आणि मग नाकातून एक बारीक फुसका आवाज आला, पाठोपाठ दुसरा. साहेब हसत होते. त्यांना नीट येत नव्हतं, पण हसत होते.

डोमानं फडकं घेतलं, इस्त्री मोडली आणि डांबर न लागलेल्या बाजूनं डोंगा पुसायला सुरुवात केली. साहेब एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "कुंताबाई, मले एक सांगा. कोणता गारा धरून ठेवते, ते कसं ओळखाचं?"

कुंताबाई सांगायला लागली. शकुंतलाबाईंनी थोडा वेळ ऐकलं. मग आनंदाबाईला हाताला धरून उठवलं आणि दोघी काठाकाठानं, गवतावरून, म्हशीच्या वाटेनं चालायला लागल्या.